‘ठाण्यात-नवी मुंबईत चालायला जागाच नाही’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला माझं उत्तर

तो मेसेज गेल्या आठवड्यात मला तिसऱ्यांदा आला. आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर, आणि परवा थेट आईनेच पाठवला, खाली "बघ, मी काय म्हणत होते" असं लिहून. तिथे मात्र माझं डोकं सटकलं, कारण आईचे गुडघे दुखतात आणि तिला घराबाहेर काढून रोज थोडं चालवायला मी गेलं दीड वर्ष जी काय बडबड केलीये त्या सगळ्यावर एका कॉपी-पेस्टने पाणी फिरवलं.

ज्यांना आला नाही (सुखी माणसं!) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मेसेजचं नाव ‘कटू सत्य’. ठाणे-नवी मुंबईत टॉवर आणि ट्रॅफिक सोडून काही उरलं नाही, चालायला जागाच नाही. पुण्याला नदी तरी आहे, आपल्याकडे नुसती वास मारणारी खाडी. १०,००० पावलं झाली नाहीत तर चालणं फुकट, आणि सपाटीवर रमतगमत चालणं हा व्यायामच नव्हे. जायचंच तर पहाटे ५ वाजता, शुद्ध ऑक्सिजन तेव्हाच असतो. बऱ्या बागा ज्या आहेत त्या गाडीवाल्यांसाठी. चार महिने पाऊस, चार महिने ऊन, मग चालणार कधी. आणि शेवटी, बायकांनी आणि म्हाताऱ्या माणसांनी तर बाहेर पडूच नये, घरात ट्रेडमिल घ्यावी.

मी मूळची चेंदणीची, ठाणे पूर्व. लग्नानंतर कोपरखैरणे. म्हणजे खाडीच्या या काठावरून त्या काठावर आले एवढंच. त्यामुळे दोन्हीकडचं बोलायचा थोडा हक्क आहे असं धरून चालते आणि मेसेजच्याच क्रमाने घेते, मधेच भरकटले तर सांभाळून घ्या.

"चालायला जागाच नाही."

ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात ते उगाच नाही, पस्तीसेक तलाव आहेत शहरात. सगळे काही फिरायच्या लायकीचे नाहीत, काहींच्या काठाला उभं राहवत नाही, मान्य. पण मासुंदा, कचराळी, उपवन, आंबेघोसाळे, रायलादेवी ही नावं ठाण्यातल्या माणसाला सांगावी लागतात का?

आमचा नेहमीचा रूट सांगते. ठाणे स्टेशन पश्चिमेला उतरायचं, गर्दीतून जेमतेम दहा मिनिटांत तलावपाळी. (मासुंदा म्हटलं तर रिक्षावाला पण क्षणभर विचार करतो, तलावपाळीच म्हणायचं.) तिथे एक फेरी, गडकरी रंगायतनच्या बाजूने सुरू करून चर्च बघत परत. मग राम मारुती रोडने सावकाश, दुकानं बघत, पाचपाखाडीत शिरायचं आणि महापालिकेच्या मुख्यालयाशेजारी कचराळी तलाव. तिथे तलावाभोवती चालायचा ट्रॅक आहे, झाडं आहेत, बसायला बाक आहेत. आईच्या वेगाने, मधे दोनदा बसून, तासाच्या आत होतं सगळं. चढ नाही, पायऱ्या नाहीत. येताना रिक्षा. मामलेदारची मिसळ खाऊन आलो तर चाललेलं सगळं वसूल, म्हणजे उलट्या अर्थाने, पण तो आमचा प्रश्न.

आता यातली खरी अडचण कुठे आहे ते बघा. तलावपाळीवर नाही, कचराळीवर पण नाही. अडचण त्या दोन्हींच्या मधे आहे. फुटपाथवर लावलेल्या बाईक, हातभर वर आलेलं गटाराचं झाकण, दुकानाची पाटी, उखडलेले पेवर ब्लॉक, आणि मोठा रस्ता ओलांडताना सिग्नल एवढा छोटा की आई अर्ध्यावर असताना गाड्या सुटतात. इंडियन रोड्स काँग्रेसचे २०१२ चे नियम म्हणतात की फुटपाथवर निदान १.८ मीटर रुंदी मोकळी पाहिजे, म्हणजे दोन व्हीलचेअर समोरासमोरून निघून जातील एवढी, आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आता तुमच्या गल्लीतल्या फुटपाथची उंची आठवा. गुडघेदुखीवाल्या माणसाला तो फुटपाथ चढायचा म्हणजे जिनाच की. मग ती माणसं रस्त्यावरून चालतात आणि आपण म्हणतो यांना फुटपाथवर चालायला काय होतं.

मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चालायला नीट फुटपाथ मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, घटनेचं कलम २१. म्हणजे तिथेसुद्धा कुणी "जागाच नाही" म्हणून सोडून दिलं नाही. माझं भांडण त्या मेसेजशी इथेच आहे. जागा आहे, ती अडवलेली आहे, आणि या दोन गोष्टींत लय फरक आहे. जागाच नाही असं एकदा आपणच म्हणालो की फुटपाथवर बाईक लावणारा बरोबर ठरतो, त्याला काय, इथे कोण चालतंय. वॉर्ड ऑफिसात तक्रार घेऊन गेलं की समोरचा पण तेच म्हणणार.

नवी मुंबईची गोष्ट तर वेगळीच. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, १९७० साली आली आणि शहर कागदावर आधी आखलं गेलं, त्यामुळे सेक्टरच्या आतले रस्ते अजूनही चालायला बरे आहेत, निदान सकाळचे. आमच्या कोपरखैरण्यातलं निसर्ग उद्यान घ्या, सेक्टर १४. तिथे पूर्वी डम्पिंग ग्राउंड होतं. कचऱ्याचा डोंगर शास्त्रशुद्ध बंद करून त्यावर माती टाकून बाग केली, आता तिथे लोक चालतात, पोरं लोळतात, नव्याने राहायला आलेल्यांना सांगितलं तर विश्वास बसत नाही. ज्या शहराने कचऱ्यावर बाग केली तिथे जागा नाही म्हणायचं म्हणजे कमाल आहे.

आणि बागच पाहिजे असं कुणी सांगितलं? सीबीडी बेलापूरची आर्टिस्ट कॉलनी बघितलीये का? वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी ८० च्या दशकात केलेली वसाहत. सात-सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, अंगण साधारण आठ बाय आठ मीटर, मग असे तीन गट मिळून एक मोठं अंगण, असं वाढत गेलेलं. बऱ्याच घरांची आता तोंडवळं बदललीयेत, मजले चढलेत, पण गल्ल्या त्याच आहेत, झाडं मोठी झालीयेत आणि मागे पारसिकचा डोंगर. तिथे अर्धा तास नुसतं भटकलं तरी छान वाटतं. लोकांची घरं आहेत हो ती, मोठ्याने बोलू नका आणि दारासमोर सेल्फी काढू नका एवढं फक्त.

"नदी नाही, नुसती वास मारणारी खाडी."

पुण्याच्या नदीबद्दल मी काही बोलत नाही, माझी जाऊ पुण्याची आहे.

खाडीला वास येतो. येतो, मी कशाला नाही म्हणू, माझं बालपण त्या वासात गेलंय. पण तो कधी येतो आणि का येतो हे माहीत असलं तर तो टाळता येतो. खाडीच्या चिखलात हवा जात नाही, त्यात पडलेली पानं, कुजलेलं काहीबाही बिनहवेचं कुजतं आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, सडक्या अंड्यासारखा वास तो हाच. ओहोटीला पाणी मागे गेलं, खाजण उघडं पडलं की वास सुटतो. भरतीला सगळं पाण्याखाली, वास जवळजवळ नाहीच. आणि बरं का, तिवराच्या झाडाखाली पेन्सिली खोचल्यासारखी जी मुळं वर आलेली दिसतात ना, ती त्याच बिनहवेच्या चिखलामुळे, बिचारं झाड श्वास घ्यायला मुळं वर काढतं. अर्थात नाल्यातून येणारं सांडपाणी हा दुसरा वास, तो सगळ्या वेळेला येतो आणि त्याचं समर्थन मी करणार नाही.

म्हणजे खाडीकाठी चालायचं तर घड्याळ नाही, भरती बघायची. आणि त्याला ॲप पण लागत नाही. आमच्या कोळीवाड्यात, खरं तर सगळ्या कोकण किनाऱ्यावरच, जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट. आज चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच, दुपारची तशीच रात्रीची. रोज भरती पाऊण-एक तासाने पुढे सरकते त्याचंच हे गणित. मिनिटाला मिनिट जुळणार नाही, आणि खाडीत आत ठाण्याकडे पाणी चढायला अजून थोडा वेळ लागतो, पण फिरायला जाण्यापुरतं पक्कं आहे. भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं आणि निघायचं. आईला हे तोंडपाठ आहे. माझ्या मुलाला शाळेत अपूर्णांक येत नव्हते तेव्हा तिने त्याला यावरूनच शिकवले.

आता ही भरती कामाला कुठे येते, तर नेरूळ-सीवूड्सला. ठाणे खाडीत हिवाळ्यात रोहित येतात, फ्लेमिंगो म्हणतो आपण ते, नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे पर्यंत मुक्काम. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आपली ही "वास मारणारी" खाडी आहे. ओहोटीला हे पक्षी खाडीच्या चिखलात लांब चरत असतात, काठावरून गुलाबी ठिपके दिसतात फक्त. भरतीला चिखल बुडाला की त्यांना उभं राहायला जागा नसते, मग ते उडून सीवूड्सच्या बाजूच्या पाणथळ जागांवर येतात, डीपीएस शाळेजवळचा डीपीएस तलाव, एनआरआय वसाहतीच्या मागचं पाणी, टी. एस. चाणक्य या नौप्रशिक्षण संस्थेजवळचं. म्हणजे वास कमी तेव्हाच पक्षी जवळ. यापेक्षा सोयीचं काय पाहिजे! डीपीएस तलावाला येणारं पाणी अडल्यामुळे २०२४ मध्ये तो सुकला होता, तिथे रोहित मेले, लोक रस्त्यावर उतरले, ते बहुतेकांनी बातम्यांत बघितलं असेल. तलाव वाचवायला जे उभे राहिले त्यांतले बरेचजण तिथे रोज चालायला जाणारे होते. "जागाच नाही" म्हणून घरी बसले असते तर तलाव आटला हे कळलं कुणाला असतं?

ओहोटीला जाऊच नये असं नाही हं. वास सोसवत असेल तर ओहोटीची मजा वेगळी, चिखलावर निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारतात, खेकडे बिळाच्या तोंडाशी उभे राहून पंजा हलवतात, शेकाट्या लांब गुलाबी पायांवर मिरवत असतात, खंड्या तारेवर. वाशीचं मिनी सीशोअर किंवा सागर विहार त्यासाठी बरं. ऐरोलीला किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून बोटी पण सुटतात, त्यांच्या वेळा भरतीवर ठरतात म्हणून आधी चौकशी करून जा.

आणि हे मिनी सीशोअर, ज्वेल ऑफ नवी मुंबई वगैरे जिथे आपण पाण्याकाठी चालतो, तिथलं पाणी म्हणजे काय माहितीये का? धारण तलाव, सगळे होल्डिंग पॉण्ड म्हणतात ते. नवी मुंबईचा बराच भाग भराव घालून केलेला, मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली. त्यामुळे पावसाचं पाणी थेट खाडीत सोडता येत नाही, भरती असली तर खाडीच उलटी आत येईल. म्हणून पाणी आधी या तलावात साठतं, तोंडावर झडपा आहेत, भरतीला त्या बंद होतात, ओहोटी लागली की उघडतात आणि पाणी खाडीत जातं. शहर बुडू नये म्हणून केलेली सोय, तिच्या काठाने आपण चालतोय. मला तरी हे कळल्यापासून ज्वेलची फेरी जास्त आवडायला लागली.

"१०,००० पावलं नाहीत तर फुकट."

हा १०,००० चा आकडा रुळला तो एका यंत्राच्या नावामुळे. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं, त्याचं नावच ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. नाव विकायला सोपं होतं, गोल आकडा होता, चिकटला. आता घड्याळं पण तेच बोंबलतात.

संशोधन काय म्हणतं ते बघा. अमेरिकेत सुमारे १७,००० वयस्क बायकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, सरासरी वय ७२. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांमध्ये त्या काळात मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढे मग फारसा फरक पडला नाही. चालल्यामुळेच त्या जगल्या असं यातून सिद्ध होत नाही, ज्या धडधाकट होत्या त्याच जास्त चालत असतील असंही म्हणता येतं. पण १०,००० च्या खाली सगळं फुकट असं कुठेच दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटना तर पावलं सांगतच नाही, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल म्हणते. पूर्वी म्हणायचे की एका वेळी निदान १० मिनिटं सलग पाहिजे, ती अट पण २०२० मध्ये काढून टाकली. पाच मिनिटं भाजीला, सात मिनिटं स्टेशनला, सगळं धरलं जातं.

मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढं. आईला कचराळीवर मैत्रीण भेटली की ती गाणंसुद्धा म्हणते, तो भाग वेगळा, तिला सांगितलंय की गाणं थांबेल एवढं जोरात चाल, तर म्हणते मग मैत्रिणीशी बोलू कधी.

आणि "सपाट चालणं व्यायाम नव्हे" लिहिणाऱ्याने ७० वर्षांच्या माणसाला येऊरच्या चढावर नेऊन दाखवावं. येऊर छान आहे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे तो, पण चढ आहे, आणि ते जंगल आहे, जॉगिंग पार्क नव्हे. खाली उपवनच्या काठाने चालायचं, डोंगर बघायचा, तेवढ्यात होतं. टीएमटीची बस जाते तिथपर्यंत.

"पहाटे ५ ला शुद्ध ऑक्सिजन."

हे तर उलटंच आहे. झाडं ऑक्सिजन सोडतात ती उजेडात. रात्रभर तीही आपल्यासारखाच ऑक्सिजन घेतात. त्यात हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असं झालं की वरून झाकण ठेवल्यासारखं होतं, गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ, कुणी पेटवलेला कचरा, सगळं खालीच अडकतं. ऊन पडलं, जमीन तापली की हवा हलते आणि ते पांगतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे घोडबंदर रोडला जे धुकं म्हणून आपण रील काढतो ना, त्यातलं धुकं किती आणि धूळ किती ते ‘समीर’ ॲपवर बघा, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं आहे, फुकट आहे. दमा असलेल्यांनी तर हिवाळ्यात आठ-साडेआठला जावं, किंवा संध्याकाळी समुद्राकडून वारा सुटल्यावर. आमचे शेजारचे काका पंधरा वर्षं पहाटे पाचला जातात आणि परत येऊन बिल्डिंगला खोकून उठवतात, त्यांना हे सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही, इथे लिहितेय, वाचलं तर बरं.

पहाटे जाऊ नका असं नाही म्हणत मी. उन्हाळ्यात पहाटच बरी, ऊन चढायच्या आत. फक्त ऑक्सिजनचं नाव नका घेऊ.

"बागा गाडीवाल्यांसाठी."

खारघरचं सेंट्रल पार्क. मेट्रोचं स्टेशनच आहे त्या नावाचं. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, हार्बर लोकलने बेलापूरला उतरा, मेट्रो पकडा, पार्कजवळ उतरा. गाडी काढली असती तर पार्किंगसाठी जेवढं फिरलो असतो तेवढ्या वेळात माझं पार्कात अर्धं चक्कर होतं.

पण इथे मेसेजवाल्याला अर्धे मार्क देते. कोलशेतचं ग्रँड सेंट्रल पार्क, २०२४ मध्ये सुरू झालं, साडेवीस एकर, बघायला सुंदर, पण तिकीट आहे, आणि स्टेशनपासून लांब. ठाणे पूर्वेच्या म्हातारीने तिथे रोज कसं जायचं? महिन्यातून एकदा नातवंडांना घेऊन जायची जागा ती. रोजच्या चालण्याला घरापासून दहा मिनिटांवरची साधी बाग लागते. आणि ज्वेलला जायचं तर पाम बीच रोड मधे येतो. तो रस्ता गाड्यांसाठी बांधलाय, वाशी ते बेलापूर सुसाट, आणि पायी ओलांडायचं म्हटलं की देवाचं नाव घ्यावं लागतं. आम्ही सीवूड्सवरून रिक्षा करतो ती अंतरासाठी नाही, त्या रस्त्यासाठी.

अजून एक गोष्ट जी कुणी लिहीत नाही. बागेच्या वेळा. एका बागेचं गेट (नाव नाही घेत) सकाळी दहाला बंद होतं आणि संध्याकाळी चारला उघडतं. घरचं आवरून, डबे देऊन बाईला वेळ कधी मिळतो? साडेदहाला. तेव्हा कुलूप. आणि टॉयलेट. साठीच्या माणसाचा सोपा रूट आणि अवघड रूट यातला फरक चढ-उताराचा नसतोच बऱ्याचदा, उघडं आणि स्वच्छ टॉयलेट कुठे आहे आणि बाक किती अंतरावर आहेत यावर ठरतं सगळं. मी नवीन जागी आधी एकटी जाऊन या दोन गोष्टी बघून येते, मगच आईला नेते. घरचे हसतात. हसू देत.

"चार महिने पाऊस, चार महिने ऊन."

उन्हाचं सांगितलं, वेळ बदला. पावसात उघडीप बघून जायचं, फक्त तलावाकाठच्या पेवर ब्लॉकवर शेवाळ धरतं त्यावर आई गेल्या वर्षी घसरता घसरता वाचली, तेव्हापासून जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही काठ सोडतो. मुसळधार असेल त्या दिवशी नवी मुंबईतली मोठी स्टेशनं. वाशी, बेलापूर, डोक्यावर छप्पर, खाली सपाट फरशी, गर्दीची वेळ टाळली की आरामात दोन-चार फेऱ्या होतात. हातात प्लॅटफॉर्म तिकीट असू द्या म्हणजे टीसीशी वाद नको. ठाण्याला मात्र हा प्रयोग करू नका, तिथे आपण चालत नाही, गर्दी आपल्याला चालवते.

"बायकांनी आणि म्हाताऱ्यांनी ट्रेडमिल घ्यावी."

भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी सातनंतर काही ट्रॅकवरचे दिवे लागत नाहीत, कट्ट्यावर बसलेली टोळकी असतात, भटके कुत्रे असतात. मला एकदा सेक्टरच्या मागच्या रस्त्यावर चार कुत्र्यांनी घेरलं होतं, पळाले नाही म्हणून वाचले, उभी राहिले, नजर दिली नाही, हळूहळू मागे सरकले. त्या रस्त्याने मी अजून एकटी जात नाही. पण यावर उपाय काय असतो? जिथे बायका आणि म्हातारी माणसं जास्त दिसतात तिथे बाकीच्या बायकांना जावंसं वाटतं. तलावपाळीला रात्री नऊला पण आम्ही बिनधास्त असतो, का, तर तिथे भेळवाले आहेत, बोटिंग आहे, आजीआजोबा आहेत, कॉलेजची पोरं आहेत, सगळ्यांवर सगळ्यांची नजर आहे. त्या आजी उद्या घरात ट्रेडमिलवर गेल्या तर तलावपाळी पण त्या मागच्या रस्त्यासारखी व्हायला किती दिवस लागतील?

आणि ट्रेडमिलवर तोल गेला तर? साठीपुढच्या, गुडघ्याचा त्रास असलेल्या माणसाला फिरत्या पट्ट्यावर एकटीने चढवायचं, घरात कुणी नसताना, हा सल्ला कुणी दिला? तर मेसेज शेवटपर्यंत खाली सरकवा. अगदी तळाला निळ्या अक्षरात एक लिंक आहे. ट्रेडमिलचा सेल. मी आलेले तिन्ही मेसेज बघितले, तिन्हींत होती, एवढ्या लोकांनी पुढे पाठवला पण खालपर्यंत कुणी गेलंच नव्हतं. आईने पण नव्हतं बघितलं. तिला दाखवलं तेव्हा चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाली, "म्हणजे दुकानवाल्यानेच लिहिलंय होय."

मग स्वतःच उठून कॅलेंडरपाशी गेली. या रविवारी षष्ठी आहे, सहाची पाऊणपट साडेचार. आम्ही चारला सीवूड्स स्टेशनच्या बाहेर रिक्षा स्टँडपाशी असू, डीपीएस तलावाच्या कडेने हळूहळू जायचं, आई असल्यामुळे मधे दोनदा बसणं आलंच. कुणाला यायचं असेल तर या. ऊन असेल, टोपी आणा, पाणी आणा, आणि दुर्बीण असली तर एक जास्तीची आणा, आमची मुलाने पाडलीये.